हंगाम कुणाच्या नावावर?

साखर कारखान्याच्या वार्षिक अहवालात पहिलं पान चेअरमनच्या मनोगताचं असतं. सप्टेंबरात सर्वसाधारण सभा, त्याआधी अहवाल छापायला सोलापूरला किंवा लातूरला जाणार, आणि त्याही आधी कुणीतरी ते मनोगत लिहून द्यायचं. धाराशिव जिल्ह्यातल्या एका कारखान्यात हे काम वर्षानुवर्षं लेखापालाकडे होतं. मराठी शुद्ध, अक्षर बरं आणि आकडे त्याच्याच टेबलावरून जाणारे, म्हणून हे लोढणं त्याच्या गळ्यात पडलं. चांगल्या सालात तो लिहायचा : 'संचालक मंडळाचे काटेकोर नियोजन व सभासदांचा विश्वास यांमुळे कारखान्याने उच्चांकी गाळप केले.' वाईट सालात लिहायचा : 'अपुरे पर्जन्यमान, साखरेचे घसरलेले दर व शासनाचे धोरण यांमुळे कारखान्यास अडचणींना तोंड द्यावे लागले.' यश आलं की कर्ता माणूस, अपयश आलं की कर्ता पाऊस. विरोधी पॅनेलचं पत्रक याच्या नेमकं उलटं. चांगलं साल देवाच्या कृपेनं आलेलं, वाईट साल चेअरमनच्या कर्तृत्वानं. दोन्हीकडचे आकडे मात्र तंतोतंत जुळायचे, कारण पत्रकवाले ते त्याच्याच अहवालातून उचलायचे.

लेखापाल आता निवृत्त आहे. नोकरीत त्यानं सहकारी कारखाना पाहिला, खासगी पाहिला, सहकारी असून एका घराच्या मर्जीनं चालणारा पाहिला आणि बंद पडून गंज खाणाराही पाहिला. चेअरमन किती पाहिले हे तो सांगत नाही. सांगतो ते एवढंच, की त्यांतला चांगला कोण आणि वाईट कोण, हे ताळेबंदावरून ओळखता येतं असं नोकरीच्या सुरुवातीला त्याला वाटायचं, आणि नोकरी संपेपर्यंत वाटेनासं झालं होतं.

जिल्हा कसा आहे हे माहीत असल्याशिवाय हे समजणार नाही. बालाघाटाच्या रांगा, पर्जन्यछायेचा मुलूख, बारमाही म्हणावी अशी नदी नाही. मांजरा, तेरणा, सीना-कोळेगाव या धरणांत पाणी आलं तर ऊस, नाही तर सोयाबीन आणि तूर. २०१८ साली नीती आयोगानं देशातले मागास जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीबरोबर उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिवही होता. मोठ्या उद्योगांची रांग इथे कधी लागली नाही. त्यामुळे 'उद्योगपती' म्हटलं की पुण्यामुंबईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर जे येतं, ते इथल्या माणसाच्या डोळ्यांसमोर येत नाही. इथे येतो तो कारखान्याचा चेअरमन. तोच बहुधा जिल्हा बँकेचा संचालक, शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष, कधी आमदार. त्याचा धंदा जोखताना भाच्याला मिळालेली शिपायाची नोकरी, लेकीला मिळालेला डीएडचा प्रवेश आणि लग्नात आलेला आहेर हेही तराजूत पडतं. 

आता कारखान्याचं गणित. रोज २,५०० टन गाळणारा कारखाना १२० दिवस नीट चालला, तर ३ लाख टन ऊस होतो. उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, १० टक्के धरला तर टनाला एक क्विंटल, म्हणजे ३ लाख क्विंटल साखर. चीफ केमिस्टनं जीव तोडून, गळती आणि मळीतून जाणारी साखर रोखून उतारा पाव टक्क्यानं वाढवला, तर साडेसात हजार क्विंटल साखर जास्त मिळते. किलोला ३१ रुपये भाव धरला तर सव्वादोन कोटींहून थोडी जास्त रक्कम. ही झाली कर्तबगारी. आणि बाजारात साखर किलोमागे ३ रुपयांनी चढली किंवा उतरली, तर ९ कोटींचा फरक. त्यासाठी कारखान्यात कुणी काडीही हलवलेली नसते. ब्राझीलमध्ये पाऊस झाला, उत्तर प्रदेशात उसाची नवी जात चालली, दिल्लीत निर्यात बंद झाली, एवढ्यावर ते होतं. लेखापालानं हा हिशेब एकदा संचालकांच्या बैठकीत फळ्यावर मांडून दाखवला होता. चीफ केमिस्ट खूश झाला नाही आणि चेअरमनही झाले नाहीत.

पण लोक ते ९ कोटी चेअरमनच्याच नावावर लिहितात, जमेला किंवा खर्चाला.

एका मागोमाग आलेली काही सालं पाहिली की हे उघड दिसतं. २०१४-१५ च्या हंगामात महाराष्ट्रात १०५ लाख टनांच्या आसपास साखर झाली. मग मराठवाड्यात लागोपाठ पाऊस हुकला. मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. २०१६-१७ च्या हंगामात राज्याची साखर ४२ लाख टनांवर आली. धाराशिव, लातूर, बीडच्या पट्ट्यात कुणाची चिमणी पेटली, कुणाची पेटलीच नाही. जी पेटली त्यांतल्या कित्येकांची महिन्या-दोन महिन्यांत विझली. पुढच्याच हंगामात, २०१७-१८ ला, १०७ लाख टन. उसाचा महापूर आला, पण देशभरच आला. देशात सव्वातीन कोटी टनांच्या घरात साखर झाली, भाव कोसळले, कारखान्यांकडची शेतकऱ्यांची थकबाकी २० हजार कोटींच्या वर गेली, आणि जून २०१८ मध्ये केंद्राला साखरेची किमान विक्री किंमत किलोला २९ रुपये ठरवून द्यावी लागली. म्हणजे एका साली ऊस नाही म्हणून चेअरमन नालायक, दुसऱ्या साली ऊस जास्त झाला म्हणून चेअरमन नालायक. मधल्या काळात त्या माणसात काय फरक पडला होता? मधुमेह झाला होता, एवढंच लेखापालाला आठवतं.

सगळ्यांत अवघड निर्णय उन्हाळ्यात घ्यावा लागतो, आणि बाहेरच्या माणसाला तो दिसतही नाही. ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्यांचे करार. बीड, पाथर्डीकडचे मुकादम मे-जूनपासून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मागायला लागतात. किती टोळ्या बांधायच्या हे तेव्हाच ठरवावं लागतं, आणि पाऊस किती पडणार हे कळायला सप्टेंबर उजाडतो. टोळ्या जास्त बांधल्या आणि पाऊस गेला, तर उचल बुडाली. मुकादमाच्या दारात जाऊन बसलं तरी पैसे निघत नाहीत, कारण त्यानं ते मजुरांना वाटलेले असतात आणि मजुरांनी खाल्लेले असतात. टोळ्या कमी बांधल्या आणि पाऊस लागला, तर ऊस फडात उभा.

२०१५ च्या उन्हाळ्यात एका कारखान्यानं, आदल्या हंगामाचं गाळप बघून, भरपूर टोळ्या बांधल्या. पाऊस गेला. उचलीपोटी गेलेली रक्कम ताळेबंदात येणे म्हणून वर्षानुवर्षं लोंबत राहिली, आणि पुढच्या निवडणुकीत 'मुकादमांच्या घशात कारखाना घातला' हे वाक्य गावोगावच्या भिंतींवर रंगलं. तिथून धडा घेऊन नव्या मंडळानं पुढे हात आखडता घेतला. कमी टोळ्या, कमी उचल. लेखापालालाही तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. मग आला २०२१-२२ चा हंगाम. धरणं भरलेली, राज्यात १३७ लाख टनांचा विक्रम, आणि मराठवाड्यात जून उजाडला तरी ऊस शिवारात. उसाला तुरे येऊन ते वाळले, शेतकऱ्यांनी फड पेटवून दिले, सरकारला वाहतुकीचं आणि उतारा घटल्याचं अनुदान द्यावं लागलं. कारखान्यानं आपल्या इतिहासातलं सगळ्यांत मोठं गाळप केलं आणि चेअरमनला त्याच वर्षी गावात गाडी थांबवायची सोय राहिली नाही.

जूनमध्ये घेतलेल्या निर्णयाची परीक्षा एप्रिलमध्ये होते, आणि तपासणाऱ्याच्या हातात जूननंतरचं सगळं माहीत असलेली उत्तरपत्रिका असते.

साखर विकण्याचंही तसंच. दोन चेअरमनांची गोष्ट लेखापाल नेहमी सांगतो. कारखाने वेगळे, सालं वेगळी. पहिले होते ते घाबरट म्हणून प्रसिद्ध. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा, त्यात म्हटलंय की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही तर वर १५ टक्के व्याज. हा नियम पाळण्याचं वेड त्यांना होतं. गोदामात साखर आली की मिळेल त्या भावानं विक, बिलं काढ. एका साली त्यांनी डिसेंबर-जानेवारीत बहुतेक साखर विकून टाकली आणि मार्चपासून भाव चढत गेला. शेजारच्या कारखान्यानं साखर धरून ठेवली होती, त्यानं टनाला जास्त भाव जाहीर केला. सभेत एक सभासद उठून म्हणाला, "मालक, तुमच्यापरीस किराणा दुकानदार बरा, त्याला तरी भाव कळतो." पुढच्या निवडणुकीत पॅनेल पडलं. दुसऱ्यांनी साखर धरली, भाव चढला, फेटे बांधून सत्कार झाला, वर्तमानपत्रात 'दूरदृष्टीचे नेतृत्व' असा मथळा आला. दोन-तीन वर्षांनी त्यांनी पुन्हा धरली. भाव पडला. बँकेनं मालतारणाचं मूल्यांकन खाली आणलं, दुरावा (मार्जिन) कमी पडला म्हणून नवं कर्ज थांबलं, ऊसबिलं अडकली आणि पुण्याच्या साखर आयुक्तांकडून आरआरसीची, म्हणजे महसुली वसुलीची, नोटीस आली. आता मथळा 'मनमानी कारभार' असा. माणूस तोच, निर्णय तोच, निर्णयामागचा विचारही तोच. विचार म्हणजे 'भाव चढेल असं वाटतंय'.

याचा अर्थ सगळे सारखेच, असं लेखापाल म्हणत नाही. तसं म्हणणाऱ्या माणसाची त्याला चीड आहे. सगळं नशिबावर टाकलं की चोराचं फावतं, हे त्यानं जवळून बघितलंय.

जिल्ह्यातली दोन उदाहरणं सगळ्यांना तोंडपाठ आहेत आणि पारावर ती नेहमी जोडीनं सांगितली जातात. ढोकीचा तेरणा कारखाना हा मराठवाड्यातल्या जुन्या सहकारी कारखान्यांपैकी एक. तो कर्जात गेला, जिल्हा बँकेच्या ताब्यात आला, वर्षानुवर्षं बंद राहिला आणि शेवटी खासगी समूहाला भाडेपट्ट्यानं द्यावा लागला. तोवर त्या परिसरातल्या किती कामगारांनी पुणे गाठलं, कितींनी पानटपरी टाकली, याची कुठेच नोंद नाही. दुसरं उदाहरण कळंब तालुक्यातल्या रांजणीच्या नॅचरल शुगरचं. ऑगस्ट १९९८ मध्ये केंद्रानं साखर कारखान्यांना परवान्याच्या जाचातून मोकळं केलं, आणि त्यानंतर बी. बी. ठोंबरे यांनी हा खासगी कारखाना उभा केला. ठोंबरे पुढे 'विस्मा' या खासगी कारखानदारांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. एकाच जिल्ह्यात, एकाच आभाळाखाली एक बुडाला, एक तरला, मग पावसाचं कौतुक कशाला सांगता, असा पारावरचा युक्तिवाद असतो.

युक्तिवाद जोरकस आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण हिशेबाच्या वह्यांत आयुष्य गेलेल्या माणसाला तो पुरत नाही. एकाच्या डोक्यावर जुनी यंत्रं, जुनी देणी, गरजेपेक्षा कितीतरी जास्त कामगार आणि दर पाच वर्षांनी मत देणारे हजारो सभासद. दुसऱ्याची पाटी कोरी. जुन्या कारखान्यात नोकरभरती करणं ही त्या काळच्या लोकांच्या मते चेअरमनची लायकीच होती. ज्यानं शंभर पोरं कामाला लावली तो मोठा माणूस. त्याच भरतीच्या पगारापायी पुढे कारखाना खचला, तेव्हा त्या शंभर घरांतलं कुणी 'आमची भरती चुकीची होती' असं म्हणायला उभं राहिलं नाही. म्हणून तुलना करायची असेल तर कोरी पाटी मिळालेल्यांची आपसांत करा, ओझं मिळालेल्यांची आपसांत करा, असं त्याचं म्हणणं. हे ऐकायला कुणाला वेळ नसतो, कारण त्यात कथा रंगत नाही.

मग तो स्वतः कशावर माणूस जोखायचा? पेमेंट रजिस्टरवर.

हंगाम अर्ध्यात आला की दर सोमवारी एक कागद तयार होतो. एका बाजूला देणी : ऊसबिलं, तोडणी-वाहतूक, कामगारांचा पगार, प्रॉव्हिडंट फंड, बारदाना, चुना-गंधक, डिझेल, पुरवठादार. दुसऱ्या बाजूला हातात काय आहे ते. विकलेल्या प्रत्येक पोत्यातून बँक आपल्या कर्जवसुलीचा ठरलेला हिस्सा, म्हणजे टॅगिंग, आधी कापून घेते, त्यावर चेअरमनची सत्ता चालत नाही. बँकेनं कापल्यावर जे उरतं, ते कुणाला आधी द्यायचं हे मात्र त्याच्या हातात असतं. चांगल्या सालात हा कागद कुणी बघत नाही, सगळ्यांनाच मिळतं. वाईट सालात त्या कागदावरचा क्रम म्हणजे त्या माणसाची जन्मपत्रिका.

एका कारखान्यात दुष्काळाच्या साली कामगारांचे पगार काही महिने थकले होते. प्रॉव्हिडंट फंड कापलेला, पण भरलेला नव्हता. त्याच महिन्यांत वाढदिवसाच्या पानभर जाहिरातींची बिलं मात्र आल्या दिवशी चुकती झाली, कारण जाहिरातवाला दारात बसला होता आणि पुढच्या आठवड्यात कुणीतरी मंत्री येणार होते. सही करताना लेखापालानं नुसतं वर बघितलं. चेअरमन म्हणाले, "ती इज्जतीची गोष्ट आहे, तुम्हाला नाही कळायची." हा माणूस त्याआधी चार चांगली सालं 'कार्यसम्राट' होता. बरं, चार सालांतलं काम खोटं होतं असंही नाही. सहवीज प्रकल्प त्यानंच आणला, वजनकाटा इलेक्ट्रॉनिक त्यानंच केला.

दुसरीकडे, एका कारखान्याच्या कार्यकारी संचालकाचं उदाहरण. माणूस तुसडा, सभासदांशी धड बोलायचा नाही, सभेत माईक हातात आला की विचका करायचा. पण पैसे तोकडे पडले की त्याचा क्रम ठरलेला. आधी तोडणी मजूर, कारण ते परत जाणार. मग अल्पभूधारकाचं ऊसबिल. मग कामगार. मोठे बागायतदार आणि संचालकांचा ऊस सगळ्यांत शेवटी. यावरून एक संचालक बैठकीतून उठून गेला होता. त्या सालचा तोटा मोठा होता, तो अहवालात आला. बिलांचा क्रम अहवालात येत नाही, तसा रकानाच नाही. तोट्यावरून त्या कार्यकारी संचालकाला घरी बसवण्यात आलं.

सहकार कायद्यात मात्र, गंमत बघा, हा फरक करायचा प्रयत्न आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० मधलं कलम ८८. गावाकडे नुसतं 'अठ्ठ्याऐंशी लागली' म्हटलं तरी कळतं. संस्थेला तोटा झाला एवढ्यावर संचालकाच्या घरावर बोजा चढवता येत नाही. त्यानं पैशांचा गैरवापर केला, विश्वासघात केला, गैरकृत्य केलं, हे दाखवावं लागतं. एका चौकशीत लेखापालाला कागदपत्रं घेऊन चौकशी अधिकाऱ्यासमोर बसावं लागलं. अधिकाऱ्यानं तोटा किती हे विचारायच्या आधी विचारलं, ठराव कोणत्या तारखेचा? त्या तारखेला साखरेचा भाव काय होता? तीन कोटेशनं मागवली होती का? विरोधी मत नोंदवलं होतं का? निकाल माहीत असताना निकालाकडे पाठ करून निर्णय तपासणारा माणूस लेखापालानं नोकरीत पहिल्यांदा पाहिला. चौकशी पुढे स्थगितीत अडकली, ती गोष्ट वेगळी.

जाहिरातीवरून माणूस जोखला की काय होतं, याचा अनुभव जिल्ह्याला फार आधी आलेला आहे. २००० च्या सुमारास होम ट्रेड नावाची कंपनी टीव्हीवर झळकली. सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन तिच्या जाहिरातींत. कंपनी नेमकं काय विकते हे जाहिरात बघून कळत नव्हतं, पण एवढी माणसं आहेत म्हणजे काहीतरी मोठंच असणार. २००२ साली सरकारी रोख्यांचं प्रकरण फुटलं, आणि पैसे अडकलेल्या बँकांत नागपूर, वर्ध्याबरोबर उस्मानाबादच्या जिल्हा बँकेचंही नाव निघालं. नागपूर बँकेच्या खटल्याचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. तेव्हाचे अध्यक्ष सुनील केदार यांना पाच वर्षांची शिक्षा झाली.

पुण्यात डीएसकेंचं तेच. मराठी माणसानं धंदा कसा करावा याचं चालतंबोलतं उदाहरण म्हणून बांधकाम व्यावसायिक डी. एस. कुलकर्णींची व्याख्यानं व्हायची. फेब्रुवारी २०१८ मध्ये ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात त्यांना अटक झाली, आणि ज्या धाडसाला आदल्या वर्षापर्यंत धाडस म्हणत होते त्यालाच हावरटपणा म्हणायला सुरुवात झाली. परदेशातले विद्वानही यातून सुटलेले नाहीत. जिम कॉलिन्स यांनी २००१ साली 'गुड टू ग्रेट' या पुस्तकात ११ थोर कंपन्या निवडल्या. त्यांतली सर्किट सिटी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि त्याच वर्षी फॅनी मे अमेरिकी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. फिल रोझेनझ्वाइग या प्राध्यापकानं २००७ मध्ये 'द हेलो इफेक्ट' लिहून हेच बजावलं होतं : आधी नफा बघतात, मग त्या नफ्याला साजेसे गुण माणसाला चिकटवतात. लेखापालाला कुणीतरी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते मनोगत आम्ही दरवर्षी लिहीत होतो की."

वही कधी बंद करायची, हा आणखी एक घोळ. शेजारच्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद घ्या. १९१९ मध्ये त्यांच्या सिंधिया जहाज कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला गेलं. त्यानंतर परदेशी कंपन्यांनी भाडी पाडून सिंधिया कंपनीचा श्वास कोंडला, आणि १९२३ च्या करारात सिंधियाला आपलं क्षेत्र किनारी वाहतुकीपुरतं आखून घ्यावं लागलं. त्या साली वही बंद केली असती तर वालचंद हे अपयशी ठरतात. १९४० मध्ये त्यांनी बंगळूरला विमानाचा कारखाना काढला, दोन वर्षांत तो सरकारकडे गेला. विशाखापट्टणमच्या गोदीत १९४८ साली 'जलउषा' पाण्यात उतरली, नेहरू हजर होते. १९५२ मध्ये गोदीही सरकारकडे गेली. पुढच्या वर्षी वालचंद वारले. जहाज, विमान, गोदी यांच्या मालकीवरून मोजायचं तर हाती फारसं उरत नाही. देशात पुढे काय उभं राहिलं त्यावरून मोजायचं तर मोजमाप पुरत नाही. त्यातही रावळगाव आणि वालचंदनगरच्या साखरेनं त्यांना तगवलं, हे साखरवाल्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

ताजं उदाहरण इथेनॉलचं. केंद्रानंच सांगितलं, साखर कमी करा, इथेनॉल काढा. जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या कारखान्यांनी कर्ज काढून आसवन्या वाढवल्या. ज्यांनी वाढवल्या ते काळाची पावलं ओळखणारे, नाही वाढवल्या ते जुनाट. ७ डिसेंबर २०२३ ला ऐन हंगामात आदेश आला : उसाच्या रसापासून इथेनॉल बंद. आठवडाभरात थोडी सूट मिळाली, पुढल्या हंगामासाठी बंदी उठलीही, पण मधल्या हंगामात कर्जाचे हप्ते थांबले नव्हते. जुनाट मंडळी त्या वर्षी मोठ्या तोऱ्यात होती. बंदी उठल्यावर पुन्हा गप्प झाली.

निवृत्तीनंतर लेखापालाकडे गावातली पोरं सल्ला विचारायला येतात. हद्दीचं बंधन १९९७ मध्येच गेलेलं, ऊस कुणालाही घालता येतो आणि आसपास कारखाने पुष्कळ. गेल्या हंगामाच्या तोंडावर एक जण आला. "काका, औंदा ऊस कुणाला घालावा?" लेखापालानं त्याला समोर बसवून समजावलं. जाहीर केलेला भाव बघू नको, चेअरमनचे बॅनर बघू नको. तुझ्या नात्यागोत्यातल्या लोकांकडची पडत्या सालांतली बिलं गोळा कर. तोड झाल्याची तारीख आणि खात्यात पैसे पडल्याची तारीख, दोन्ही कागदावर मांड. ज्यानं पडत्या सालात लहान शेतकऱ्याला ताटकळत ठेवलं नाही, त्याला घाल. पोरानं मन लावून ऐकलं, वहीत लिहूनही घेतलं. मग विचारलं, "ते समदं खरं काका, पण टोळी कुणाची आधी येईल? रान मोकळं करून गहू पेरायचाय."

टोळी आधी आली ती लेखापालाच्या कसोटीवर तळाशी पडणाऱ्या कारखान्याची. पोरानं ऊस घातला. त्या महिन्यात साखरेचा भाव चढा होता, बिल चौदा दिवसांच्या आत खात्यावर पडलं. आता तो पोरगा त्या चेअरमनच्या नियोजनाचं गावभर कौतुक करतो.